क्वेकची सीडी अखेर वाजली

काल रात्री ८६बॉक्स या जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या विंडोज ९८ वर क्वेक या खेळाचे संगीत प्रथमच ऐकू आले. आयएसओ प्रतिमेवरून, म्हणजे सीडीच्या फाइलरूपी नकलेवरून, खेळ चालतो पण संगीत येत नाही, अशी तक्रार मी मागच्या नोंदीत केली होती; तिचे कारण आता उघड दिसते. १९९६ च्या मूळ सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे दहा ऑडिओचे आहेत. आयएसओमध्ये डेटा ट्रॅकच्या प्रत्येक सेक्टरमधले (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यातले) २०४८ बाइट तेवढे उतरतात, ऑडिओला तेथे जागाच नसते.

त्यानंतर मी यूएसबी सीडी ड्राइव्ह पासथ्रूने, म्हणजे खरा ड्राइव्ह थेट वापरू देऊन, व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमला जोडला होता. सीडी प्लेअरमध्ये सेकंद पुढे सरकत होते, आवाज मात्र शून्य. जुन्या संगणकात ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डापर्यंत एक बारीक ऑडिओ वायर जात असे आणि 'वाजव' हा हुकूम मिळाला की ड्राइव्ह स्वतःच ट्रॅक वाजवून आवाज त्या वायरीत सोडत असे, हे मी साफ विसरलो होतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या माझ्या चपट्या ड्राइव्हला ना ती वायर, ना हेडफोनचे भोक. तो इमानाने वाजवत होता, पण स्वतःशीच.

म्हणून लिनक्सवर सीडीआरडीएओ या डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्क कच्च्या स्वरूपात, म्हणजे सेक्टरमागे २३५२ बाइट, वाचून बिन-क्यू जोडी (बिनमध्ये डिस्कवरचे बाइट, क्यूमध्ये कोणता ट्रॅक कोठे सुरू होतो त्याची यादी) तयार केली आणि ८६बॉक्सला दिली. खेळ झटकन सुरू झाला आणि संगीताच्या जागी कानठळ्या बसवणारी खरखर आली. डिस्क मऊ फडक्याने पुसली, कमी वेगाने पुन्हा वाचली, साउंड ब्लास्टर १६ हे आभासी साउंड कार्ड बदलून एडब्ल्यूई३२ लावले, तरी खरखर तसूभरही हलली नाही. डेटा ट्रॅक निर्दोष असल्यामुळे फाइलवर संशय घ्यायचे मला सुचलेच नाही, आणि यातच दोन रविवार गेले.

शेवटी बिन फाइलमधला एक तुकडा ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कच्चा ऑडिओ म्हणून उघडला. १६ बिट, स्टिरिओ, ४४१०० हर्ट्झ, लिटल एंडियन (दोन बाइटांपैकी कमी किमतीचा आधी; बिग एंडियनमध्ये याच्या उलट): खरखर. बिग एंडियन निवडताच स्वच्छ संगीत! सीडीआरडीएओ ऑडिओच्या प्रत्येक नमुन्यातले दोन बाइट उलट क्रमाने लिहितो आणि क्यू फाइल वाचणारे त्यांना सुलट समजतात, एवढाच घोळ होता. मी उत्साहाच्या भरात पूर्ण फाइलच उलटवली. साहजिकच डेटा ट्रॅकही उलटला आणि विंडोजला डिस्क वाचता येईना. मग सेकंदाला ७५ सेक्टर या हिशेबाने क्यू फाइलमधल्या वेळेवरून ऑडिओ नेमका कोठे सुरू होतो ते काढले (एक मिनिट म्हणजे १,०५,८४,००० बाइट) आणि तेथून पुढचेच बाइट उलटवणारी दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट लिहिली.

माझ्या मते मिश्र ट्रॅकच्या डिस्कसाठी व्हर्च्युअलबॉक्सशी झटापट करण्यात अर्थ नाही. ८६बॉक्स प्रोसेसरवर बराच भार टाकतो, पण सीडीच्या ऑडिओ ट्रॅकची त्याला जाण आहे. पासथ्रू मी डिस्क लिहिण्यापुरता ठेवणार आहे.

आता विंडोज ९८ ची सीडी कायम बसवून ठेवण्यासाठी दुसरा आभासी ड्राइव्ह जोडायचा बेत होता. हे लिहिता लिहिताच सुचले की त्या सीडीतला विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवून ठेवला तर ड्रायव्हर टाकताना डिस्क मागितली जाईल तेव्हा तोच मार्ग देता येईल. दुसरा ड्राइव्ह रद्द. आज रात्री फोल्डर उतरवतो.