शर्मनच्या दांड्या आणि मोटर वाइंडिंगची तार

अंबाजोगाईत बसून रणगाड्याचं मॉडेल करतोय म्हटलं की लोक आधी हसतात, मग "याचे पैसे मिळतात का?" विचारतात. मिळत काही नाही. पण शर्मन हा अमेरिकन रणगाडाच का, याचं उत्तर माझ्याकडं आहे. निजामाच्या काळात हे गाव मोमिनाबाद होतं आणि हैदराबाद कॉन्टिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेच्या, घोडदळाची छावणी इथं होती. त्या घोडदळातूनच पुढं डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट झाली आणि 1965 ला खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत ती शर्मन घेऊन पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांना भिडली.

किट, म्हणजे जोडायच्या सुट्या प्लास्टिक भागांचा संच, 1/35 चं. म्हणजे मॉडेलवरचा 1 मि.मी. हा खऱ्या रणगाड्यावरचा 35 मि.मी. एकदा का हा हिशोब डोक्यात बसला की किटमधले बारके भाग डोळ्यांत खुपायला लागतात. हाताने धरायची दांडी पाण्याच्या पाइपाएवढी जाड, आणि मडगार्ड बघावं तर तेच चिलखत वाटतं. साचातलं प्लास्टिक यापेक्षा पातळ निघणं अवघड, त्यात कंपनीचा दोष नाही. हे भाग स्वतःच करायचे ठरवले. परदेशी स्टायरिनच्या, म्हणजे किटसारख्याच प्लास्टिकच्या, पट्ट्या मागवून पाहिल्या. माल उत्तम, पण भाव बघून गावातच शोध सुरू केला.

दांडी अर्ध्या इंची सळईची धरली तर 12.7 भागिले 35, म्हणजे 0.36 मि.मी. वाइंडिंगच्या तारेत 28 गेज 0.376 ची येते. आणि मराठवाड्यात वाइंडिंगच्या दुकानांना काय तोटा! बोअर आटले, लाइट खालीवर झाली की मोटारी जळतातच.

"किती एचपीची मोटर हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"मोटर नाही मामा, रणगाडा आहे."

त्यांनी माझ्याकडं एकवार बघितलं आणि रिळावरून चार हात तार तोडून दिली. पैसे घेतले नाहीत. सबमर्सिबलची तार घेऊ नका, तिच्यावर प्लास्टिकचं वेष्टण असतं, इनॅमलवालीच हवी. एक टोक शिकंज्यात आवळायचं, दुसरं पकडीनं धरून तार किंचित ताणल्याचं हाताला जाणवेपर्यंत ओढायचं. ती सुतासारखी सरळ होते आणि थोडी कडकही. मग पॉलिश पेपरनं इनॅमल खरवडायचं, म्हणजे सोल्डरचा डाग धरतो.

रणगाडा ओढायच्या केबलला मात्र ही तार नको. इलेक्ट्रिकच्या दुकानात 14/76 वायर मागायची. त्यातला एकेक धागा 0.19 मि.मी. एक मधे, सहा भोवती असा पीळ घातला की 0.57 भरते, म्हणजे खरी 20 मि.मी. जाडीची केबल. दोऱ्याला रंग देऊन केबल करणारे आहेत, पण त्याची लव रंगाखालूनही दिसते. मला ते पटत नाही.

मडगार्डसाठी मलमाची ॲल्युमिनियमची ट्यूब. कापून, धुऊन, बाटलीनं लाटून घेतली की 0.1 मि.मी.च्या आसपासचा पत्रा हाती येतो, म्हणजे खरा साडेतीन मि.मी. बोटानं दाबलं तरी पोचा पडतो, आणि लढाईतल्या मडगार्डला तोच पाहिजे. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा जवळपास तेवढाच पातळ, पण वाकवला की परत उसळतो. दिव्यांच्या जाळीच्या सरळ पट्ट्यांना तो बरा.

प्लास्टिकचं खरं कोडं वेगळंच. किट पॉलिस्टायरिनचं, म्हणून किटचा सिमेंट, म्हणजे जोडायचा गोंद, पॉलिस्टायरिनलाच विरघळवून जोडतो. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 6 असेल तर घ्या. 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन, 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, दोन्हीला हा सिमेंट चिकटत नाही. आकडा नसेल तर एक थेंब टाकून बघायचं, चिकट झालं की आपलं. प्लास्टिकच्या डिस्पोजेबल भांड्यांवर राज्यात 2018 ला बंदी आली, ते योग्यच, पण माझा एक कच्चा माल त्यात गेला. आता जुन्या सीडीच्या डब्यातला काळा ट्रे वापरतो. शर्मनच्या बाजूचं चिलखत 38 मि.मी., मॉडेलवर 1.1, हा ट्रे त्याच्या जवळपास बसतो. पारदर्शक झाकण नको, कापताना तडकतं.

तांबं आणि ॲल्युमिनियम चिकटवायला फेविक्विकच. ते हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं, त्यामुळं आमच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लवकर धरत नाही. जोडावर हलकी फुंकर मारायची. दांडीसाठी 0.4 चं भोक पाडून तार आतून चिकटवली तर निघत नाही. नुसती वरून टेकवली की पहिल्याच धक्क्याला जाते.

बोल्टची डोकी उरली. त्यासाठी मेडिकलमधून 23 नंबरची सुई आणली, बाहेरून 0.64 मि.मी. टोकाची तिरकी धार दगडावर घासून सपाट केली, पातळ प्लास्टिक रबरावर ठेवून दाबलं की गोल चकती सुईत अडकते. आतून बारीक तारेनं ढकलून काढायची. षटकोनी करायच्या नादाला मी लागलो नाही. या आकारात रंग लागल्यावर फरक भिंगाशिवाय दिसत नाही.