पीए म्हणजे मंत्र्याचा नव्हे

सांगलीला फोन करून मी सांगितलं की मला पीएच्या कोर्सला प्रवेश मिळाला. काकांनी लगेच विचारलं, "कुठल्या मंत्र्याकडे?" मी समजावून सांगितलं: फिजिशियन असिस्टंट, रुग्ण तपासायचे, निदान करायचं, औषधं लिहून द्यायची, टाके घालायचे, पण डॉक्टरांशी जोडलेलं राहून. त्यावर काका म्हणाले, "म्हणजे कंपाउंडरच ना?"

मला तेव्हा चाळीस पूर्ण झाली होती. हा निर्णय घेण्यात त्याआधीचं अख्खं वर्ष गेलं होतं, त्यामुळे काकांचं वाक्य जरा लागलंच.

मी २००४ ची बी.फार्म. लग्नानंतर २००९ साली न्यू जर्सीत एडिसनला आले. नवऱ्याचा एच-१, माझा एच-४, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. फार्मसिस्ट व्हावं म्हटलं तर २००३ पासून पुढे पास झालेल्यांना पाच वर्षांची पदवी लागते, आणि माझी चार वर्षांची. एका वर्षाने हुकलं! २०१५ मध्ये एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली, तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. मी एका औषधाच्या दुकानात टेक्निशियन म्हणून लागले आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात बायॉलॉजी, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स घ्यायला सुरुवात केली. कशासाठी, ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मनात डॉक्टरच होतं. पण बहुतेक मेडिकल कॉलेजांना ग्रीन कार्ड नसलेला विद्यार्थी नको असतो आणि आमचा रांगेतला नंबर कधी लागणार याचा पत्ता नव्हता. ऑक्टोबर २०२० च्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेच्या मासिक पत्रकात, नोकरीवाल्यांच्या ईबी-३ या गटाच्या तारखा एकदम पुढे सरकल्या, आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी वरचा ईबी-२ गट सोडून तिकडे अर्ज टाकले, आम्हीही टाकला. २०२१ च्या सप्टेंबरात कार्ड हातात आलं. आता सबब उरली नाही.

जानेवारीत मी स्वयंपाकघरातलं जुनं कालनिर्णय काढलं. आई ज्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहायची, त्या चौकोनांत मी वर्षं लिहिली, एका चौकोनात एक वर्ष आणि खाली माझं वय. मेडिकल कॉलेजांची सामाईक अर्जव्यवस्था परदेशी गुणपत्रक मोजतच नाही. माझी बी.फार्म. तिथे शून्य. निदान नव्वदेक क्रेडिट अमेरिकेतले हवेत असं बऱ्याच कॉलेजांचं म्हणणं, आणि माझ्याकडे होते चाळीसच्या आसपास. म्हणजे संध्याकाळच्या वर्गांची आणखी दोन वर्षं, त्यातच एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची, तयारी. तो साडेसात तासांचा पेपर. मग अर्जाचं एक वर्ष. कॉलेज सुरू होईल २०२५ मध्ये, वय ४३. चार वर्षांनी ४७. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, कमीत कमी तीन वर्षं. अकराव्या चौकोनात मी '५०' लिहिलं आणि पेन ठेवलं.

तरी वय हे कारण नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. पन्नाशी तशीही येणारच होती. मला जास्त टोचली ती रेसिडेन्सीची भानगड. तुम्ही आवडीची यादी द्यायची, हॉस्पिटलांनी त्यांची द्यायची, मार्चमध्ये संगणक जुळवणी करतो आणि जिथे नाव लागेल तिथे जायचं. ओहायो तर ओहायो. पंचविशीत ती मजा असेल. माझ्या घरात तोवर कॉलेजला जाणारी मुलगी, वर्षातले सहा महिने राहायला येणाऱ्या सासूबाई आणि गृहकर्ज असणार होतं.

एनपीचा, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनरचा, रस्ता मी पंधरा दिवसांत सोडला. त्यासाठी आधी नर्स व्हायला हवं, पुढे मास्टर्स, आणि तेही एक शाखा धरून: फॅमिली, मानसोपचार, अतिदक्षता. जी आधीच नर्स आहे तिने माझ्या मते दुसरीकडे बघूही नये, नोकरी करत करत शिकता येतं. मी नर्स नव्हते. पीएचा कोर्स साधारण २७ महिन्यांचा असतो, मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी, बालरोग सगळीकडून फिरवतात, आणि पुढे शाखा बदलायची मुभा राहते.

आता घोळ ऐका. पीएच्या कॉलेजांना रुग्णसेवेचे तास लागतात, बऱ्याच ठिकाणी हजार किंवा त्याहून जास्त. मी ऐटीत टेक्निशियनची पाच-सहा वर्षं मांडली. बहुतेकांनी ती 'आरोग्यक्षेत्रातला अनुभव' या रकान्यात टाकली, 'रुग्णसेवा' या रकान्यात नाही. गोळ्या मोजणं म्हणजे रुग्णाला हात लावणं नव्हे! मग पगार कमी घेऊन एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मेडिकल असिस्टंट म्हणून लागले. रक्तदाब, वजन, ईसीजी. पहिल्या आठवड्यात एका आजोबांच्या छातीवर ईसीजीचे स्टिकर चिकटेचनात, इतके केस. सोबतच्या मुलीने दाखवलं: ड्रॉवरमध्ये एकदा वापरून टाकायचे रेझर असतात, स्टिकरपुरती जागा करायची. आजोबा म्हणाले, दाढीपण करून टाका.

निर्णय त्या दवाखान्यातच झाला. शुक्रवारी दुपारी एका पन्नाशीच्या माणसाचा ईसीजी मी काढला. आमच्या पीए बाईंनी तो कागद हातात घेतला, माणसाला दोन प्रश्न विचारले आणि पळतच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी दहा सेकंद पाहिलं. अँब्युलन्स, ॲस्पिरिन, बायकोला फोन. माणूस वाचला. संध्याकाळी आवराआवर करताना मी डॉक्टरांच्या खोलीत डोकावले, तर ते अजून बसलेले. टेबलावर त्याच माणसाचे दोन ईसीजी शेजारी शेजारी, आजचा आणि तीन महिन्यांपूर्वीचा. जुन्यात काही सुटलं होतं का, ते बोट फिरवून शोधत होते. मी दिवा घालवू का विचारलं, ते नाही म्हणाले.

पीए बाई तेव्हा घरी गेल्या होत्या. त्यांचंही लायसन्स असतं, चूक झाली तर त्यांच्यावरही दावा होतो, तेव्हा त्या बिनधास्त असतात असं मुळीच नाही. पण त्या खोलीत एकटं बसणं डॉक्टरांच्या वाट्याला होतं. शेवटचा शब्द मला हवा आहे का, असं मी गाडीत स्वतःला विचारलं. हवा होता, पण रोज नको होता. आणि रोज नको असेल तर त्यासाठी अकरा चौकोन भरायचे का?

बाकी गोष्टी त्यानंतर जागच्या जागी बसल्या. पैसा, उदाहरणार्थ. मेडिकलची फी अडीच लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकते, पीएचं बरंच कमी, आणि २०२३ मध्ये पीएंचा मध्यम पगार सव्वा लाख डॉलरच्या वर होता. डॉक्टर त्याहून पुष्कळ कमावतात, पण पन्नाशीनंतर किती वर्षं? बी.फार्म.च्या मार्कांचं इथल्या हिशेबाने मूल्यांकन करून घेतलं. ते चालेल की नाही हे कॉलेजागणिक बदलतं, त्यामुळे आठ कॉलेजांना ईमेल पाठवून आधी विचारलं आणि 'हो' म्हणणाऱ्या पाचांनाच अर्ज केला. हे न विचारता अर्ज करणारी माझी एक मैत्रीण फीचे पैसे घालवून बसली. दोन मुलाखती आल्या, एका ठिकाणी नाव लागलं.

काकांना मी नंतर ड्यूक विद्यापीठाची गोष्ट सांगितली. १९६५ साली तिथे डॉ. यूजीन स्टेड यांनी पीएचा पहिला वर्ग काढला, तेव्हा घेतलेली मुलं नौदलात जखमींवर उपचार केलेली होती, कंपाउंडर नव्हे. नावातला 'असिस्टंट' आता पीएंनाच नकोसा झालाय, २०२१ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'असोसिएट' ठरवलं. काका म्हणाले, नाव काही ठेवा.

शिकताना वयाचं व्हायचं ते झालं. ॲनाटॉमी लॅबमध्ये शेजारची मुलगी माझ्या मुलीपेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणजे तेवीस. पाठांतर तिला एकदा वाचून व्हायचं, मला चार वेळा. औषधांच्या पेपरला मात्र ती माझ्याकडे यायची. चौकोनातली वीस वर्षांपूर्वीची बी.फार्म. शून्य नव्हती तर. सर्जरीच्या रोटेशनला पहाटे साडेचारला उठून डबा भरताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि "डॉक्टरांना विचारून सांगते" हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून गेलं तेव्हा घशात काहीतरी अडकलं, हेही खरं. अजून कधीकधी अडकतं.

डिसेंबर २०२५ मध्ये कोर्स संपला. काका हल्ली शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मलाच आधी पाठवतात. मी लिहिते, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. लगेच फोन येतो. "दाखवतो गं. पण तू काय म्हणतेस?"