बोलावलंस कित्याक?

रविवार, रात्र

तंबू बाल्कनीत वाळत घातलाय. नोपिमिंगच्या जंगलातून दुपारीच परतलो, अंगाला अजून धुराचा वास. झोपायला हवं. पण बाबांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

काल तिथल्या तुलाबी तलावावर पाइक मासा लागला. हिरवट अंगावर पिवळे ठिपके, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड. इथे कॅनडात, मॅनिटोबा प्रांतात, गळाला उलटा काटा चालत नाही, त्यामुळे पक्कडीनं एका झटक्यात निघाला. मोठा होता, सोडायचाच. दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, कल्ले हलले, गेला. मी ऐटीत बाबांकडे बघितलं. ते खडकावर. परवाना नाही म्हणून नुसते बसलेले. जन्मभर देवबागच्या खाडीत पाग टाकलेला माणूस, आणि इथे मासा धरायला कागद.

म्हणाले, "सोडूचो होतो तर बोलावलंस कित्याक?"

एवढंच. रागावून नाही. मग शेकोटीत काटकी सारली.

मी सांगत बसलो, इथला उन्हाळा केवढासा, थंड पाण्यात मासा वाढायला किती वर्षं लागतात. खरंच आहे ते. पण जरा जास्तच बोललो.

बोलावलंस कित्याक. आईनंतर त्यांना विनिपेगला आणलं ते माझ्याच हट्टानं. सकाळी मी कामावर, ते खिडकीशी. माशाबद्दलच विचारलं असेल. बाबा आडून बोलणारे नव्हेत. आणि तंबू कोणी वाहिला? कनूची होडी डोक्यावर कोणी घेतली? एवढं करून गुन्हेगार मीच.

अंधार पडायलाच दहा वाजून गेले. लून ओरडला तसे उठून बसले. "कोण रडता?" पक्षी आहे म्हटलं. बराच वेळ ऐकत होते. मी झोपल्याचं सोंग घेतलं.

आज सकाळी दोन पिकरेल मिळाले, तव्याजोगे. सुरी त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतली. पिशवीतून रवा आणि घरचा मसाला निघाला. कधी भरला, देव जाणे. आतडी तंबूजवळ टाकू नका, अस्वल येतं, म्हटलं तर, "तेका पण बोलवलंस?"

"काळुंदराची सर नाय," म्हणाले आणि तिसरी तुकडी घेतली. पाइक कसा लागतो, विचारलं. काट्यांचा, कर्लीसारखा, म्हटलं. "मगे सोडलंस ता बरा केलंस."

गाडीत परवान्याचे पैसे विचारले. सांगितले. "एवढ्यात आठवड्याची सुंगटा येतली."

काढू का म्हटलं, तर हो नाही की नाही नाही.