सासवडच्या निवडणुकांची नोंदवही: काम प्रभागांच्या हद्दींपर्यंत आले

पुणे जिल्ह्यातील सासवड नगरपालिकेच्या आजवरच्या निवडणुकांची एक नोंदवही मी तयार करत आहे; मागील टिपणात त्या नगरपालिकेचा कालपट मांडला होता. त्यानंतरचे बहुतेक काम पुण्यात बसून प्रभागांच्या हद्दी जुळवण्यात गेले असून त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण बारामती, जुन्नर किंवा लोणावळा यांच्या नोंदी ज्यांनी हाती घेतल्या आहेत त्यांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागणार आहे.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगतो. सासवडला नगरपालिका १८६९ मध्ये स्थापन झाली आणि व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा, निवडून आलेल्या सभासदांना वाव देणारा, स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८ मे १८८२ चा आहे. मधल्या काळात सभासद सरकारने नेमलेले असत. खुद्द पुण्यातही जोतीराव फुले १८७६ मध्ये नगरपालिकेवर आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणूनच. त्यामुळे नोंदवहीच्या पहिल्या पानांवर ‘निवडून आलेले’ हा रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला आहे. १८८४ आणि १९०१ च्या मुंबई इलाख्यातील नगरपालिका कायद्यांनी निवडणुकीला जागा दिली खरी, परंतु मताचा हक्क कर भरणाऱ्या आणि मालमत्ता असणाऱ्या थोड्यांपुरताच होता. त्या काळातील मतांचे आकडे गावाच्या लोकसंख्येशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता हद्दींकडे वळतो. छोट्या गावाच्या निवडणुकीचा इतिहास म्हटला की सभागृहातील नगराध्यक्षांच्या नावांचा फलक आपण सर्वप्रथम उतरवून घेतो; परंतु माझ्या मते खरा दस्तऐवज म्हणजे प्रभागरचनेची अधिसूचना होय. प्रभाग क्रमांक ४ हे कोणत्याही ठिकाणाचे नाव नव्हे. राज्य निवडणूक आयोगाच्या पद्धतीनुसार क्रमांक देण्यास उत्तरेकडून सुरुवात होते, तेथून ईशान्येकडे व पूर्वेकडे येऊन, पूर्व-पश्चिम सरकत शेवट दक्षिणेत केला जातो. साहजिकच उत्तरेच्या टोकाला एक प्रभाग वाढला की खालच्या सगळ्या गावाचे क्रमांक पुढे सरकतात आणि ज्या गल्लीने मागच्या वेळी एका क्रमांकात मत दिले तीच गल्ली पुढच्या वेळी दुसऱ्याच क्रमांकात दिसते. केवळ क्रमांकावरून ‘अमुक प्रभाग अमुक गटाचा बालेकिल्ला’ असे लिहिणे म्हणजे दोन वेगळ्या वस्त्यांना एकच समजणे होय.

अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची चतुःसीमा दिलेली असते: उत्तरेस नाला, पूर्वेस अमुक रस्त्याची मध्यरेषा, पुढे अमुक घरापासून वळून तमुक मंदिरापर्यंत. या वर्णनातील घरे बदलतात आणि रस्त्यांची नावेही बदलतात; म्हणून मी आधी न हलणाऱ्या खुणा पक्क्या केल्या. कऱ्हेचे पात्र, कऱ्हा व चांबळी यांच्या संगमावरील संगमेश्वर, सोपानदेवांची समाधी, पुरंदरे वाडा आणि जेजुरीकडे जाणारा रस्ता एवढ्या खुणा नगर भूमापनाच्या नकाशावर शाईने गिरवल्या आणि त्यावर ट्रेसिंग कागद ठेवून प्रत्येक निवडणुकीची हद्द वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने काढत आहे. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी एका प्रगणकाकडे दिलेला घरांचा समूह, शक्यतो फोडायचा नाही असा दंडक असल्याने, एखाद्या ठिकाणी हद्द रस्ता सोडून अचानक आत का वळते याचे उत्तर पुष्कळदा त्या गटाच्या सीमेतच सापडते. हे कोडे सुटते तेव्हा होणारा आनंद आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

आकडेवारीच्या बाबतीत एक सूचना आग्रहाने करतो. २०१६ मध्ये नगरपरिषदांत साधारणतः दोन सदस्यांचे प्रभाग होते आणि जागा विषम असल्यास एका प्रभागातून तीन सदस्य निवडले गेले. शिवाय नगराध्यक्षासाठी स्वतंत्र मत होते. प्रभागातील सर्व उमेदवारांची मते एकत्र मिळवली तर ती बेरीज मतदारांच्या संख्येहून सहज मोठी होते आणि मतदानाची टक्केवारी पार चुकते. एकाच प्रभागातील अ आणि ब या जागांची बेरीज वेगवेगळी ठेवावी आणि ‘वरीलपैकी एकही नाही’ या पर्यायाला स्वतंत्र रकाना द्यावा. संपूर्ण गावाचा कौल एका आकड्यात पाहायचा असेल तर १९७४, २००१, २०१६ आणि २०२५ या थेट नगराध्यक्ष निवडीच्या वर्षांचाच आधार घ्यावा लागतो. २००६ व २०११ मध्ये नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडला.

विजयी उमेदवाराच्या नावाइतकेच जागेचे आरक्षणही महत्त्वाचे असते. नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आल्यावर महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. कोणती जागा राखीव हे सोडतीने ठरते: शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी निघते आणि त्या क्षणी एखाद्या प्रभागातील वर्षानुवर्षांची तयारी दुसऱ्या प्रभागाकडे वळते. सोडतीची तारीख आणि तिचा निकाल नोंदवला नाही, तर एखादा नगरसेवक पुढच्या वेळी पलीकडच्या प्रभागातून का उभा राहिला हे कळणारच नाही. गावातल्या आघाड्यांबाबत मी उमेदवाराचे मतदानाच्या दिवशीचे चिन्हच ग्राह्य धरतो आणि निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवलेल्या गटाची नोंद वेगळी ठेवतो.

डिसेंबर २०१६ नंतरचे पान लिहिताना मन जड झाले. तेव्हा निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली त्या वेळी इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न ४ मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उभा राहिलेला होता. त्यानंतर राज्यभर प्रशासक आले आणि त्याच न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. त्या प्रभागरचनेलाही आधार २०११ च्या जनगणनेचाच होता. पुष्कळ तक्त्यांत ही वर्षे सरळ गाळलेली दिसतात, ते मला मान्य नाही. लोकनियुक्त सभागृह नसणे हीदेखील निवडणुकीच्या इतिहासातील घटना आहे. त्या वर्षांना स्वतःची ओळ आणि कारणाचा रकाना मिळालाच पाहिजे.

साधनांविषयी दोन शब्द. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ ते १९५१, ‘केसरी’ १८८१ पासून आणि ‘सकाळ’ १९३२ पासून, असा वृत्तपत्रांचा सलग आधार आहे; १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नगरपालिकांचे उत्पन्न व खर्चही मिळतो. घरगुती कागद मात्र दुर्मीळ आहेत, कारण १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातील नदीकाठच्या पेठांतील कितीतरी दप्तरे गेली.

पुढील टप्प्यात २०१६ आणि २०२५ च्या हद्दी एकाच कागदावर आणायच्या आहेत. सासवडच्या १९७४ किंवा २००१ च्या निवडणुकीची प्रचारपत्रके अथवा मतदार चिठ्ठ्या कोणाच्या घरी असतील, तर त्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मला हवी आहेत: पत्रकाच्या तळाशी असलेले मुद्रणालयाचे नाव आणि चिठ्ठीवरील यादी-भाग व अनुक्रमांक स्पष्ट वाचता येतील अशी घ्यावीत, म्हणजे ते घर त्या वर्षी कोणत्या हद्दीत होते हे निश्चित करता येईल.