हजेरीपटात नाव नसलेल्या उमेदवाराचा अर्ज

विद्यार्थी परिषदेवर संशोधक विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून मी निवडून आले, तेव्हा प्रचाराने माझी फार दमछाक झाली असणार, असे घरच्यांना आणि मित्रमंडळींना वाटले. प्रत्यक्षात प्रचार, मतदान आणि मोजणी हे सारे अगदी सुरळीत पार पडले आणि त्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. माझा जीव मेटाकुटीला आणला तो एका दाखल्याने. मी पूर्णवेळ विद्यार्थिनी असून माझी हजेरी किमान ७५ टक्के आहे, एवढेच त्या दाखल्यावर लिहिलेले असायला हवे होते.

मी राहते ठाण्यात आणि पीएच.डी. करते नवी मुंबईतील एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात. महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत आज विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक कोणी पाहिलेली नसते, कारण १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेनुसार नेमणुकीची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली खरी, परंतु २०१९ मध्ये त्या निवडणुका होणार अशी हवा तयार झाली आणि विधानसभा निवडणूक तोंडावर असल्यामुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. अभिमत विद्यापीठांना हा कायदा लागू नाही. आमच्याकडे परिषद स्वतःच्या नियमांनुसार निवडली जाते आणि त्या नियमांचा पाया लिंगडोह समितीच्या शिफारशींचा आहे. विद्यार्थी निवडणुका कशा घ्याव्यात हे ठरवणाऱ्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या या समितीचा अहवाल २००६ मध्ये आला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो लागू करण्याचा आदेश दिला. उमेदवारी करू इच्छिणाऱ्याने हा अहवाल आधी स्वतः वाचावा. कार्यालयातील मंडळी त्याचा हवाला वारंवार देतात, पण तो वाचलेला असतोच असे नाही.

अहवालातील अटी पहिल्या वाचनात अगदी साध्या वाटतात. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वय १७ ते २२, पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी कमाल २४ ते २५ आणि संशोधकांसाठी कमाल २८ वर्षे. निवडणुकीच्या वर्षात कोणताही विषय राहिलेला नसावा, म्हणजे आपल्या भाषेत एटीकेटी नसावी. गुन्हेगारी पार्श्वभूमी नसावी, शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी. आणि विद्यापीठाने ठरवलेली किमान हजेरी किंवा ७५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी हजेरी असावी. माझ्या वयाची अट काही महिन्यांनी माझ्या विरोधात जाणार होती, त्यामुळे पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याची सोय मला नव्हती.

वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला चालला. एटीकेटी नसल्याचे पत्र परीक्षा विभागाने कोर्सवर्कच्या गुणपत्रिकेवरून लगेच दिले. आता फक्त हजेरी राहिली, असे मी मैत्रिणीला फोनवर सांगितल्याचे मला चांगले आठवते.

आमच्या विभागाच्या कार्यालयात हजेरीपट असतो, पण तो ज्यांना तासिका असतात त्यांचा. एम.एस्सी.ची मुले-मुली त्यात असतात. संशोधक विद्यार्थी सकाळी प्रयोगशाळेत शिरतो आणि उपकरणाची पाळी जेव्हा मिळेल तेव्हा बाहेर पडतो. त्याचे नाव पुकारून कोणी हजेरी घेत नाही. म्हणून विभागाने मला शैक्षणिक विभागाच्या खिडकीकडे पाठवले. त्या खिडकीमागील गृहस्थांनी सांगितले की हजेरीची माहिती विभागाकडूनच येते, आम्ही फक्त शिक्का मारतो. विभागात परत गेल्यावर उत्तर मिळाले, ‘‘मॅडम, पटावर नावच नाही, तर दाखला कशाचा देऊ?’’ हे उत्तर तर्काला धरून होते आणि म्हणूनच त्यावर चिडणे अधिक अवघड होते.

मग एकाने उत्साहाने संगणकावरून माझ्या नावाचा हजेरीचा तक्ता छापून दिला. त्यात झालेल्या तासिका शून्य, उपस्थित तासिका शून्य आणि टक्केवारीच्या रकान्यातही शून्य छापून आले होते. ज्या कागदाने माझी हजेरी सिद्ध व्हायची, त्याच कागदाने मी वर्षभर विद्यापीठात पाऊलही टाकले नाही असे सिद्ध होत होते. तो कागद मी अर्जाला जोडला नाही, पण फेकलाही नाही, आणि पुढे तोच सर्वांत उपयोगी पडला.

येथे वेळेचा मुद्दा समजून घेतला पाहिजे. लिंगडोह समितीने निवडणुकीचा सगळा कार्यक्रम, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत, १० दिवसांत आटोपावा असे सांगितले आहे. हेतू चांगला आहे. प्रचार लांबला की पैसा आणि बाहेरची माणसे शिरतात. परंतु त्यामुळे अर्ज भरण्याची मुदत फारच लहान राहते आणि अशा वेळी ‘‘साहेब आज नाहीत, उद्या या’’ हे एक वाक्य सगळ्या कार्यक्रमाचा दहावा हिस्सा खाऊन टाकते. त्या खिडकीवरील कर्मचाऱ्याबद्दल माझ्या मनात राग नाही, असे लिहिण्याचा माझा विचार होता. ते खरे ठरणार नाही. नियमात संशोधकांसाठी २८ वर्षांची वेगळी वयोमर्यादा आहे, म्हणजे संशोधक उभे राहू शकतात हे नियमाला मान्य आहे, एवढे मी त्यांना अहवालाचे पान उघडून दाखवले होते. त्यांनी ते पान न वाचता मला परत दिले आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी खिडकीला लावली.

अडचण सुटण्याची सुरुवात माझ्या शिष्यवृत्तीच्या कागदांतून झाली. मला विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळते. ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि ती खात्यात जमा होण्यासाठी विद्यापीठाला दर महिन्याला ऑनलाइन दुजोरा द्यावा लागतो की ही विद्यार्थिनी नियमित काम करीत आहे. म्हणजे पैशांसाठी हेच विद्यापीठ माझ्या उपस्थितीची ग्वाही दर महिन्याला देत होते आणि निवडणुकीसाठी मात्र माझी उपस्थिती त्याला कोठे सापडत नव्हती. याशिवाय आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे जाऊन प्रगती मांडावी लागते. समितीचे माझे अहवाल सह्यांसह विभागात पडून होते. संशोधकाची हजेरी याहून वेगळी काय असू शकते?

हे सगळे मी एका अर्जात लिहिले आणि तक्रार निवारण कक्षाकडे दिले. असा कक्ष असावा हेही लिंगडोह समितीनेच सांगितलेले आहे: विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता अध्यक्ष, सोबत एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ प्रशासकीय अधिकारी आणि अंतिम वर्षाचे दोन विद्यार्थी, त्यांत एक मुलगा व एक मुलगी. आमच्याकडे तो कागदावर होता; त्याची बैठक कधी झाल्याचे कोणाला आठवत नव्हते. अर्जाला मी मार्गदर्शक सरांचे पत्र, प्रगती अहवालांच्या झेरॉक्स, शिष्यवृत्तीच्या नोंदी आणि तो शून्य टक्क्यांचा तक्ता जोडला. अधिष्ठात्यांनी बाकीचे कागद चाळले आणि तक्त्यापाशी थांबून शेजारच्या अधिकाऱ्यांना विचारले, ‘‘मग आपण हिला शिष्यवृत्ती कशाच्या आधारावर देतो?’’ या प्रश्नाला बैठकीत उत्तर आले नाही. संशोधकांच्या बाबतीत सल्लागार समितीचा ताजा समाधानकारक अहवाल आणि मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र हे हजेरीच्या दाखल्याऐवजी ग्राह्य धरावे, असा निर्णय झाला. मुदत संपायच्या दिवशी दुपारी तो निर्णय टंकून, सही होऊन माझ्या हाती आला आणि त्याच खिडकीवर त्याच गृहस्थांनी त्यावर शिक्का मारला. त्या वेळी मला झालेला आनंद निकालाच्या दिवशीच्या आनंदापेक्षा मोठा होता, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

या अनुभवावरून सांगण्यासारखी पहिली गोष्ट ही की, कोणताही नकार तोंडी स्वीकारू नये. विनंती कागदावर लिहावी, आवक विभागात द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. क्रमांक पडलेल्या कागदाचे काहीतरी करावेच लागते. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचे काही करावे लागत नाही. दुसरे म्हणजे, अधिसूचना निघण्याची वाट पाहू नये. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यावी अशी शिफारस आहे, त्यामुळे साधारण काळ आधीच कळतो आणि दाखले तेव्हाच मागता येतात. मार्गदर्शक संशोधन परिषदेला (कॉन्फरन्सला) परगावी जाणार असतील तर त्यांची सही सर्वांत आधी घ्यावी. आमच्या प्रयोगशाळेतील एका इच्छुकाचा अर्ज केवळ एवढ्यामुळे राहिला.

सूचक आणि अनुमोदक यांची नावे मतदार यादीत जशी छापली आहेत तशीच अर्जावर लिहावीत. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधक मैत्रिणींच्या बाबतीत हे विशेष तपासावे. दोघांपैकी एकाची ऐनवेळी अडचण झाली तर तिसरे नाव तयार असावे.

प्रचाराविषयी थोडक्यात सांगते. खर्चाची मर्यादा प्रत्येक उमेदवाराला ५,००० रुपये आहे आणि छापील पत्रके, छापील पोस्टर यांना बंदी आहे. फक्त हाताने केलेली पोस्टर चालतात आणि तीही ठरवून दिलेल्या जागीच लावता येतात. ठाणे स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले कार्डशीट आणि मार्कर एवढ्यावर माझे काम भागले. संशोधक मतदार वर्गात एकत्र बसलेले सापडत नाहीत, त्यामुळे त्यांना एकेका प्रयोगशाळेत जाऊन भेटावे लागते, आणि ते दुपारच्या चहाच्या वेळी किंवा संध्याकाळी सातनंतर. मी तीनच मुद्दे मांडले: शिष्यवृत्तीचा मासिक दुजोरा वेळेवर जावा, रात्री उशिरा काम करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी स्टेशनपर्यंत वाहन असावे आणि ग्रंथालय परीक्षांच्या काळाबाहेरही उशिरापर्यंत उघडे राहावे. लोकांनी पोस्टरपेक्षा पहिल्या मुद्द्यावर जास्त प्रश्न विचारले. आवाराबाहेर प्रचार करता येत नाही, हा नियम मी इतका मनावर घेतला की ट्रान्स हार्बरच्या गाडीत ठाण्यापर्यंत सोबत येणाऱ्या मतदारांशी मी त्या काळात फक्त मेगाब्लॉकविषयी बोलत असे. त्यांना ते विचित्र वाटले असणार.

छाननीच्या वेळी स्वतः हजर राहावे, हे मघाशी सांगायचे राहिले. माझ्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने हजेरीच्या दाखल्यावरच आक्षेप घेतला आणि कक्षाच्या निर्णयाची प्रत माझ्या पिशवीत होती म्हणून तो तेथल्या तेथे निकाली निघाला. पुढे त्याच उमेदवाराने, तोही संशोधकच असल्यामुळे, आपल्या अर्जासाठी त्याच निर्णयाचा आधार घेतल्याचे मला कळले. त्याला मी दोष देत नाही, पण निर्णय कोणाच्या अर्जावर झाला होता हे त्याला आवर्जून सांगितले.

निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा तपासलेला हिशेब द्यावा लागतो, हे अनेक विजयी उमेदवारही विसरतात. कार्डशीटचे बिल दुकानदाराकडून खरेदीच्या वेळीच घ्यावे, कारण नंतर तो जुन्या तारखेचे बिल देत नाही. हिशेबाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. हजेरीसंबंधीचा तो निर्णय आता परिपत्रकाच्या रूपात निघाला आहे. पुढील निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या संशोधकाने त्याची झेरॉक्स अर्जाला जोडावी आणि मूळ परिपत्रकाचा जावक क्रमांक अर्जातही लिहावा, कारण खिडकीवर तोच आधी विचारला जातो.