बिस्किटाच्या डब्यातला स्टेटर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात माझं गॅरेजही बुडालं. गाळ उपसून झाला, पण शटर उघडायची अवस्था येईना. म्हणून ऑगस्टभर घराच्या पडवीतच काम केलं. घर चढावर आहे, तेवढं नशीब.

पाचवी ते सातवी मला गणित शिकवलेले सर पुरात बुडालेली गाडी टोचन करून घेऊन आले. इन्शुरन्स थर्ड पार्टीचाच, त्यामुळे तिथून काही मिळणार नव्हतं. इंजिनाचं ऑइल, फिल्टर वगैरे शेजारच्या मेकॅनिकने उरकलं. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर माझ्या गळ्यात आला.

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, कारण अल्टरनेटरवरची जाड वायर चावी बंद असली तरी जिवंत असते. पुलीचा नट सोडायची एअर गन गाळात गेलेली. जुना फॅनबेल्ट पुलीवर गुंडाळून व्हाइसमध्ये आवळला, मग नट हलला. दोन्ही झाकणांवर छिन्नीने एक रेघ मारली, परत जुळवताना चुकू नये म्हणून.

आत रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, नखांमध्ये चिखल असा बसला होता की जणू कुणी मळून भरलाय. रोटरला करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या स्लिप रिंग हिरव्या पडलेल्या. मी पाण्याचा पाइप धरला तर सर ओरडलेच, "अरे, विजेची वस्तू आहे ती!"

"सर, चार दिवस पुरात होती ती. आता स्वच्छ पाणी पिऊ दे."

गाळ पाण्यानेच सुटतो. पेट्रोलने धुणारे आहेत, पण त्याने तारांवरचं वार्निश मऊ पडायची भीती, वर आगीची. मऊ ब्रशने धुतलं, रिंगांना बारीक पॉलिश पेपर फिरवला. रोटर २.९ ओहम, म्हणजे ठीक. बेरिंगं मात्र हातात फिरवली की कुरकुरत होती. पुढचं ६३०३ नंबरचं आणि मागचं छोटं, दोन्ही रत्नागिरीहून मागवली. सोल्डर सोडवून डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे तुकडे, एकेक तपासले. सहाही एकाच दिशेने बोलत होते.

खरी अडचण स्टेटरची, म्हणजे रोटरभोवतीच्या न फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीची. वायंडिंग आणि बॉडी यांच्यात मीटरने काहीच दाखवायला नको, तिथे किलोओहम दिसत होते, म्हणजे आत ओल होती. ऊन म्हणाल तर ऑगस्टातलं कोकण! शेवटी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात स्टेटर ठेवला, वर १०० वॅटचा बल्ब टांगला. रोज संध्याकाळी सर चालत यायचे आणि मीटरचा आकडा विचारायचे, पूर्वी मला पाढे विचारायचे तसा. चौथ्या दिवशी काटा जागचा हलला नाही, म्हणजे वाळला. त्यावर वार्निशचा हात दिला, तो वाळू दिला.

जोडताना स्लिप रिंगांवर टेकणारे कार्बन आत दाबून धरायला मागच्या भोकातून सरांचीच एक कागदाची क्लिप सरळ करून खुपसली. गाडीवर चढवला, बॅटरी लावली, इंजिन सुरू. मीटरवर १२.३ व्होल्ट, आणि तोही उतरतोय, म्हणजे चार्जिंगच नाही. माझा चेहरा पडला. चार दिवसांचा बल्ब वाया गेला म्हणायचा! दोष कुठे, डायोड की व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, या विचारात मी परत पाना उचलला.

सर ड्रायव्हरच्या सीटवर बसून डॅशबोर्ड न्याहाळत होते. "चावी फिरवली की बॅटरीचा तांबडा दिवा लागायचा रे पूर्वी. आता लागतच नाही."

दिवा नाही म्हणजे सगळं छान, असं मी धरून चाललो होतो. पण तो दिवा लागतो तो कार्बन आणि रोटरमधून जाणाऱ्या करंटवर. म्हणजे कार्बन रिंगेला टेकलेलेच नाहीत. आणि का टेकतील? क्लिप आतच होती!

इंजिन बंद करून ती ओढली. आत टक् आवाज झाला. चावी फिरवली, तांबडा दिवा लागला. इंजिन सुरू होऊन जरा वाढवलं तसा विझला. मीटरवर १४.२. हेडलाइट, वायपर, पंखा सगळं लावून १३.९ च्या खाली गेला नाही.

सरांनी क्लिप उचलली, शर्टाला पुसली, बोटांनी वाकवून पहिल्यासारखी केली आणि वाळवून कडक झालेल्या गाडीच्या कागदांना लावून टाकली.