आठशेचा बेल्ट: चौथा रविवार

गेले तीन रविवार मी गाडीचा बेल्ट नुसता ताणत होतो. ओरडला की ताण, परत ओरडला की परत ताण. आज पाना खाली ठेवून आधी नीट बघितलं.

माझी जुनी मारुती ८०० पावसाळी सकाळी सुरू केली की अख्खी गल्ली जागी होते. यवतेश्वरचा घाट चढताना हेडलाइट लावले की तीच किंकाळी. तोंडात 'फॅनबेल्ट' बसलंय, पण हिच्यात पंखा विजेच्या मोटरवर चालतो. बेल्टवर आहेत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणारा वॉटरपंप. तुटला तर आधी बॅटरीचा लाल दिवा, मग पाठोपाठ तापमानाचा काटा वर.

आधी इंजिन चालू ठेवून लांबूनच स्प्रेच्या बाटलीनं बेल्टवर पाणी मारलं (बाह्या दुमडून, हे विसरू नका). आवाज वाढला. पाण्यानं वाढला तर बेल्ट घसरतोय. क्षणभर गप्प झाला तर बहुधा पुली एका रेषेत नाहीत.

मग काढून उन्हात धरला. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत! व्ही-बेल्टची पकड बाजूंवर असते, खाचेत पाचर बसावी तशी. तळाला तो टेकायलाच नको. माझ्या पुलीचा तळ मात्र घासून लख्ख झालेला. म्हणजे बेल्ट झिजून आत उतरलाय. आता कितीही ताणला तरी पकडायला बाजूच नाहीत. वडील म्हणाले, "गिरणीच्या पट्ट्याला राळ लावायचे, तसं कायतरी लाव." राळेनं चार दिवस गप्प बसेल, झिजलेलं रबर थोडंच भरून येणार?

नवा बेल्ट चढवला, अल्टरनेटर टॉमीनं (लोखंडी पहारीनं) बेतानं मागं ओढून बोल्ट आवळला. हेडलाइट लावून बॅटरीवर मीटर धरला: सकाळी १२.७ व्होल्ट होते, आता १४.१. आवाज बंद.

भावाच्या नव्या गाडीत धारांचा चपटा बेल्ट आहे. त्याच्यावर ४पीके ८५५ असं काही छापलेलं असलं तर चार धारा, ८५५ मिलिमीटर लांबी. दुकानात गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा नंबर सांगा. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या टायमिंग बेल्टला मात्र मी हात लावणार नाही.

आनंद अर्धाच. बेल्ट उतरवलेला असताना वॉटरपंपाची पुली हातानं फिरवली तेव्हा खरखर लागली, हलवली तर किंचित खेळही (ढिलेपणा) होता. तीन रविवारच्या ताणाताणीचा भार त्या बेअरिंगनंच सोसला असणार. पुढच्या रविवारी पंप.